सिग्नलच्या खालचं नाव

उत्तम,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मामाला नाही, तुला तर नाहीच. माझ्या मामाच्या गावची टाकी भरून वाहिली आणि आठ दिवसांचं पाणी ओढ्याला गेलं, ती चूक माझी होती. तुझी नव्हती. आणि हे मला नंतर कधीतरी कळलं असंही नाही. त्या गावात पारावर उभं राहून तू माफी मागितलीस, त्याच्या आदल्या दिवशी दुपारीच मला ते कळलं होतं.

अकरा वर्षं जे तोंडातून निघालं नाही, ते लिहायला एवढ्याच ओळी लागल्या.

परवा मुखेडला विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. वहिनी समोर बसल्या होत्या. कोणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि म्हणालं, "साहेब, तुम्ही सोबत काम केलंय, दोन शब्द बोला." मी बोललो. मनमिळाऊ, हुशार, कष्टाळू. तू असतास तर मागच्या रांगेतून म्हणाला असतास, "पाटील, बोलून राहिलास का फॉर्म भरून राहिलास?" माइक खाली ठेवून मी जागेवर येऊन बसलो. तुझ्या फोटोकडे मी पाहिलंच नाही.

आता जे लिहितोय त्यातलं निम्मं तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तूच ते मला शिकवलंस. तरी सविस्तर लिहितो, कारण हा कागद मला तुझ्या मुलीला, प्रज्ञाला, वाचायला द्यायचा आहे.

वजिराबादेत हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पाच माणसं, एक कूलर, आणि गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांसाठी आपण बनवायचो ती पेटी. टाकीत पाणी किती आहे ते पेटी बघायची आणि टाकी भरली की व्हॉल्व बंद करायची. पातळी वाचायचं काम माझ्या कोडचं, व्हॉल्व बंद करायचं तुझ्या. मी इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन आलेला, तू डिप्लोमा करून. मुखेडहून पहिल्या एसटीनं यायचास, खांद्याला पिशवी, पिशवीत आईनं दिलेल्या ज्वारीच्या भाकरी. पहिल्याच दिवशी मला म्हणालास, "तुम्ही शिरूर अनंतपाळकडचे म्हंजे पाटीलच असणार." मी हो म्हणालो, आणि तेव्हापासून ऑफिसात बाकी सगळे मला नावानं हाक मारायचे, तू एकटा पाटील म्हणायचास. त्या हाकेत थोडी चेष्टा होती, थोडा हिशेबही होता. मला दोन्ही कळायचं आणि आवडायचंही.

प्रोग्राम मेला की तो कुठं मेला हे शोधायचं म्हणजे स्टॅक वाचायचा. ते तू मला डब्यातल्या भाकरींवर शिकवलंस. एक फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला, आणि प्रत्येक हाकेसरशी चवडीवर एक भाकरी चढते. प्रत्येक थरात एक पत्ता लिहिलेला असतो, काम संपलं की परत कुठं जायचं त्याचा. वरून एकेक थर उचलत खाली गेलं की कोणी कोणाला हाक मारली ते कळतं. फक्त तो पत्ता हाकेच्या पुढच्या जागेचा असतो. हाक मारणारा शोधायचा तर त्यातून एक वजा करायचं, म्हणजे नेमकं हाकेवर येऊन पडतो.

"आता मधेच कायतरी बिघडून सिग्नल आला तर?" तू विचारलंस. गोदावरीच्या घाटावर बसलो होतो, तुझ्या हातात भज्यांचा कागद होता.

"तर काय? तीही एक हाकच."

"न्हाई ना! कोणीच हाक मारलेली न्हाई. माणूस जेवून राहिलाय, घास हातात हाय, आन् कर्नल, म्हंजे सगळ्या प्रोग्रामांचा मुकादम, येऊन दंडाला धरून उठवतो. चल म्हणतो, आधी हे बघ. मंग तो परत कुठं जाईल?"

"ताटावर."

"कोणत्या घासावर?"

"हातातल्याच."

"हाव. पुढच्या न्हाई, हातातल्याच. म्हणून तिथं एक वजा करायचं न्हाई."

मग त्या तेलकट कागदावर तू दोन ओळी लिहिल्यास. सिग्नलचा हॅन्डलर, म्हणजे सिग्नल आला की धावून येणारं फंक्शन, आपलं काम संपवून जिथं परततो, तिथं दोनच सूचना असतात. पहिली एक ठरलेला क्रमांक मांडते, दुसरी कर्नलला सांगते की झालं, आता याला होता तिथं नेऊन बसव. डीबगर, म्हणजे मेलेला प्रोग्राम तपासणारा प्रोग्राम, माग काढत त्या पत्त्यावर पोचतो, तिथले बाइट वाचतो आणि ओळखतो की हा साधा थर, साधी फ्रेम नव्हे, इथं सिग्नल आला होता. काही ठिकाणी तर बनवणाऱ्यांनी डीबगरसाठीच्या तक्त्यात त्या जागेपुढं एका अक्षराची खूणच करून ठेवलेली असते. पण खूण नसली तरी ते दोन सूचनांचं जोडपं लपत नाही. "ते दिसलं की थांबायचं, पाटील," तू म्हणालास. "तिथून खाली नियम बदलतो."

पेटी मेली तर मरताना तिनं स्वतःच आपला माग लिहून ठेवावा, असं एक छोटं हत्यार मी पुढच्या महिन्यात लिहिलं. पेटीत खरा डीबगर मावत नव्हता. तुझ्या दोन सूचना मी त्या हत्याराला ओळखायला लावल्या. त्या दिसल्या की माझं हत्यार "सिग्नल" अशी ओळ छापायचं. त्या ओळीखालच्या फ्रेमला एक वजा करायचं नाही, हे करायचं राहिलं. उद्या करू म्हणालो, आणि मग पेट्या बसवायची घाई सुरू झाली.

पहिली पेटी माझ्या मामाच्या गावी बसली. शिरूर अनंतपाळपासून जवळच. मामाच्या शब्दावर ते काम आपल्याला मिळालं होतं. लातूरकडचा उन्हाळा, गावाला आठ दिवसांतून एकदा पाणी. त्या दिवशी टाकी भरायला लागली, पातळी मोजणाऱ्या यंत्राची वायर सैल झाली, पेटी मेली, व्हॉल्व उघडाच राहिला. कोणाच्या लक्षात येईपर्यंत सगळं पाणी ओढ्यात.

पेटीतल्या मेमरी कार्डावर माझ्या हत्यारानं माग लिहून ठेवला होता. मालकांनी त्याचा कागद काढून टेबलावर ठेवला. वर हॅन्डलर, मग "सिग्नल", त्याच्याखाली तुझ्या व्हॉल्व बंद करणाऱ्या फंक्शनचं नाव.

तू कागद उचललास आणि बराच वेळ वाचलास.

"माझं फंक्शन आत शिरलं की पहिल्यांदा लॉगमध्ये एक ओळ लिहितं. ती ओळ कुठंय?"

"लिहिली असेल," मी म्हणालो, "कार्डापर्यंत पोचली नसेल."

"बरं. आन् हा पत्ता बघ. हा माझ्या फंक्शनच्या पार शेवटचा हाय. तिथं परत फिरण्याशिवाय काहीच न्हाई. दार ओढून घेऊन भाईर पडल्यावर कोण घरात मरतं का, पाटील?"

मालक म्हणाले, "ते शेवटचं-पहिलं मला समजत नाही. नाव कोणाचं आलंय?"

"माझं आलंय," तू म्हणालास. मग माझ्याकडे वळलास. "सिग्नलच्या खाली एक वजा करणं बंद केलंस ना तू?"

"केलंय."

खरं सांगतो, तेव्हा मला आठवत नव्हतं. केलं असावं असं वाटलं. पण "बघून सांगतो" म्हणायला काय लागत होतं? पाच माणसं ऐकत होती आणि ते काम माझ्या मामानं दिलं होतं. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, तीही आज लिहितो. कागदावर एक नाव आलं म्हणून त्या खोलीत सगळ्यांना बरं वाटलं, आणि ते नाव तुझं होतं म्हणून जरा जास्तच बरं वाटलं. डिप्लोमावाला. मुखेडच्या कुठल्या वस्तीतून आलेला हे सगळ्यांना ठाऊक असलेला. कोणी काही बोललं नाही, बोलायची गरजच पडली नाही. मलाही बरं वाटलं, उत्तम.

दुसऱ्या दिवशी तू कार्ड मागितलंस. म्हणालास, "पेटीनं मरताना आख्खी मेमरी कार्डावर टाकली असेल. खऱ्या डीबगरात घालून बघू." मी म्हणालो, दुपारून देतो. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी ते एकट्यानं लावून बघितलं.

खऱ्या डीबगरनं वर हॅन्डलर दाखवला. मधोमध त्याची नेहमीची ओळ, सिग्नल हॅन्डलर कॉल्ड. आणि तिच्याखाली तुझं नाव नव्हतं. पातळी वाचणारं माझं फंक्शन होतं. एवढंसं फंक्शन. दिलेल्या पत्त्यावर जायचं आणि आकडा घेऊन यायचं. वायर सैल झाली तेव्हा पत्ता रिकामा आला होता, आणि पत्ता रिकामा आहे का हे मी तपासलंच नव्हतं. माझ्या फंक्शनची पहिलीच सूचना त्या रिकाम्या पत्त्यावर जाऊन आपटली. पहिलीच सूचना. माझं हत्यार अजून करत होतं तसं तिच्या पत्त्यातून एक वजा केलं की माझ्या फंक्शनच्या उंबऱ्याबाहेर पडायला होतं, आणि मेमरीत उंबऱ्याबाहेर शेजारी तुझं फंक्शन होतं. त्याचा पार शेवट. तू म्हणाला होतास अगदी तोच पत्ता.

मी स्क्रीन बंद केली. कार्ड काढून टेबलाच्या खणात टाकलं. तू जेवून आलास तेव्हा म्हणालो, "कार्ड वाचता येईना. खराब झालंय."

तू माझ्याकडे पाहिलंस. "हाव का?" एवढंच म्हणालास.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आपल्या दोघांना जीपनं मामाच्या गावी धाडलं. ज्याची चूक त्यानं गावासमोर कबूल करायची आणि दुसऱ्यानं पेटी दुरुस्त करायची. रस्ताभर तू खिडकीतून बाहेर बघत होतास. अहमदपूर गेलं तेव्हा मला वाटलं सांगावं. पुढचं वळण गेल्यावर सांगू असं म्हणालो. अशी किती वळणं गेली, मोजली नाहीत.

पारावर बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. एक म्हातारी तुला म्हणाली, "का रे लेकरा, तुझी मिशीन आमचं समदं पाणी पिऊन बसली. आता आम्ही काय तिला पिळून प्यावं?" सगळ्या हसल्या. तू हसला नाहीस. हात जोडलेस आणि म्हणालास, "चुकलं, मावशी. माझ्याकडून चुकलं."

पाराच्या कडेला बसलेला एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "ह्येंच्या हाती काम दिल्यावर दुसरं काय व्हणार?" हळू बोलला होता, पण तुला ऐकू गेलं. मला दिसलं की तुला ऐकू गेलं. मामानं ते मिटवल्यासारखं करत सगळ्यांना सांगितलं, "जाऊ द्या आता. आमचा भाचा हाय सोबत, तो करील नीट."

मी तुझ्या एक पाऊल मागं उभा होतो. तेव्हा एक पाऊल पुढं यायचं होतं.

मग मामानं मला चहाला घरात बोलावलं. तू म्हणालास, "तुम्ही जा, मी जीपमध्ये बसतो." पाटील नाही, तुम्ही. मी आत गेलो, चहा घेतला, वर मामीनं वाढलेला चिवडाही खाल्ला. बाहेर आलो तर तू जीपमध्ये नव्हतास. टाकीवर चढून पातळीच्या यंत्राची सैल वायर आवळत होतास. खाली उतरून हात पुसत म्हणालास, "वायर सैल होती, सर. पत्ता रिकामा येत असंल. तेवढं तपासून घ्या." त्या दिवसापासून मी तुझा सर झालो.

मालकांनी तुझं कोड लिहिणं काढून घेतलं आणि तुला वायरी ओढायला लावलं. चार महिन्यांनी तू सोडलंस. मुखेडच्या बाजारात दुकान टाकलंस, कॉम्प्युटर दुरुस्ती, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. नुसत्या आकड्यांवरून स्टॅक वाचणारा माणूस जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरू लागला. मी त्या दोन खोल्यांतून चार खोल्यांत गेलो. आज माझ्या हाताखाली बारा जण आहेत.

हत्यार मी दुरुस्त केलं. पारावरून परत आलो त्याच आठवड्यात. बदल केला की काय केलं ते एका ओळीत लिहून ठेवायची आपली पद्धत. मी लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती." ते शब्द अजून तिथंच आहेत. दर नव्या माणसाला ते कोड दाखवताना माझी नजर त्या ओळीवरून जाते, आणि मी पान पुढं सरकवतो.

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या बसस्टँडवर तू अचानक भेटलास. प्रज्ञाच्या कॉलेजच्या कामासाठी आला होतास. मी ओळख द्यावी की नाही या विचारात, आणि तू लांबूनच ओरडलास, "काय पाटील!" अकरा वर्षांनी ती हाक ऐकली. चहाच्या गाड्यावर उभे राहिलो. दमल्यासारखा दिसत होतास, छातीत जळजळ होते म्हणालास, आणि तरी कडक चहा मागवलास. पोरीबद्दल बोललास, पावसाबद्दल बोललास. एसटी लागली तेव्हा पिशवी उचलत सहज विचारलंस, "ते एक वजा करणं काढलंस का रे?"

"काढलं."

"कधी?"

मी चहाचे पैसे काढायला खिशात हात घातला. तू माझ्याकडे बघून हसलास, म्हणालास, "काढलं ना? मंग झालं तर." आणि गाडीत चढलास.

त्या "मंग झालं तर"चा अर्थ मी स्वतःच्या सोयीनं लावून घेतला. याला कळलंय, यानं माफ केलंय, आता बोलायची गरज नाही. चार महिने फार शांत गेले. मग वहिनींचा फोन आला.

परवा विहारात जेवणं चालली होती. प्रज्ञा पाण्याचा जग घेऊन माझ्यापाशी आली. "काका, बाबा मला स्टॅक वाचायला शिकवत होते. सिग्नलची फ्रेम कशी ओळखायची तिथपर्यंत झालं होतं. त्या दोन सूचना. मी विचारलं, त्याच्या खालची फ्रेम कशी वाचायची? तर बाबा म्हणाले, ते पाटील काकाला विचार, त्याला चांगलं माहीत हाय."

तुला येत होतं. घाटावर तूच तर मला सांगितलं होतंस. पोरीला सांगायला तुला अर्धं मिनिट लागलं नसतं. तू ते माझ्यासाठी राखून ठेवलंस.

मी तिला काय म्हणालो असेन? "हो हो, सावकाश सांगतो." तिनं मान हलवली, ग्लास भरला आणि पुढच्या पंगतीकडे गेली.

तू रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू वाट बघितलीस. बसस्टँडवर तू "कधी?" विचारलंस तेव्हा बसला अजून पाच मिनिटं होती, मला चांगलं आठवतं. तेवढ्यात सांगून झालं असतं. तू कदाचित शिवी दिली असतीस, कदाचित आणखी एक चहा सांगितला असतास. काय केलं असतंस हे मला आता कधीच कळणार नाही, आणि ते माझं मीच घालवलंय.

कार्ड अजून माझ्या खणात आहे. काल ते परत लावून बघितलं. सगळं तसंच आहे. हॅन्डलर, सिग्नलची ओळ, तिच्याखाली माझं नाव.

मी तुझं जे देणं लागतो ते एवढं आहे. प्रज्ञाला ते कार्ड द्यायचं आणि सिग्नलच्या खालची फ्रेम कशी वाचतात ते तिला त्याच्यावरच दाखवायचं, माझं नाव येईपर्यंत. "किरकोळ दुरुस्ती"च्या जागी काय झालं होतं ते लिहायचं. आणि मामाच्या गावी त्याच पारावर उभं राहून सांगायचं की ते पाणी माझ्यामुळं गेलं, उत्तमनं हात जोडले ते माझ्यासाठी. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.